शिमग्याआधीची दिवाळी

जिजीच्या घरात कॅलेंडर होतं, पण ते भिंतीकडं तोंड करून टांगलेलं. किराणा दुकानदार दर वर्षी नवं द्यायचा, ती दर वर्षी ते हात जोडून घ्यायची आणि घरी आणून पालथं लावायची. कुणी विचारलं तर म्हणायची, "भितीचं पोपडं पडत्यात, त्येला झाकाया लागतंय." आणि तारीख बघायची झाली तर? "तारखंला काय करायचंय? तळं हाय की समोर."

तळं होतं खरं. कर्जतच्या अलीकडं, माळाच्या खोलगट पोटात, जुनं सरकारी तळं. गावापासून अर्धा कोस दूर, त्याच्या काठावर जिजीचं दोन खोल्यांचं पत्र्याचं घर. पाणी ओसरलं की तळ्याचा जो भाग उघडा पडतो त्याला आमच्याकडं गाळपेर म्हणतात. त्यातली एक पट्टी जिजी कसायची. पाणी मागं मागं सरकायचं आणि जिजी त्याच्या पाठोपाठ पुढं पुढं. आधी हरभरा, मग काकडी, आणि अगदी ओल्या गाळात आळी करून खरबूज. नवरा जाऊन वीस वर्षं झालेली, एकुलती लेक सुमन नाशकात. एक शेळी, एक चूल आणि तळ्यावरची पाखरं, एवढा तिचा संसार.

वर्ष तिला पाखरं सांगायची. धोबी काठावर शेपटी नाचवत चालायला लागला की घर सारवायचं, दसरा आला. टिटवीनं उघड्या रानात अंडी घातली की कुरडया-पापड, चैत्र लागला. लाल लांब पायांच्या शेकाट्यांनी चिखलात घरटी मांडली की आखिती, म्हणजे अक्षय तृतीया. पाणबुडी पिल्लांना पाठीवर घेऊन हिंडायला लागली की नागपंचमी. आणि तळ्यात बुडालेल्या बाभळींवर पावसाळ्यात बगळ्यांची जी घरटी भरतात, ती रिकामी झाली की दिवाळी. दिवाळीला चार दिवस सुमन यायची, वर्षातून तेवढंच. जिजी म्हणायची, "त्यांची घरटी मोकळी झाली की माजं घर भरायची येळ." आणि कुणी शंका काढलीच तर तिचं ठरलेलं उत्तर असायचं, "पाखराला पंचांग न्हाई, म्हनून ते चुकत न्हाई."

मी तेव्हा तरुण होते. म्हणजे बासष्ट वर्षांची. गावच्या शाळेतून निवृत्त होऊन चार वर्षं झाली होती आणि निवृत्त बाईंना जे होतं ते मला झालं होतं : सगळं गाव चौथीच्या वर्गात बसलंय असं वाटायचं. निवृत्त झाले त्याच वर्षी मुलानं पुण्याहून दुर्बीण पाठवली होती, सोबत पक्ष्यांच्या चित्रांचं जाडजूड पुस्तक. मग काय! गळ्यात दुर्बीण, डोक्यावर कापडी टोपी, खांद्याला वही अडकवलेली, अशी मी तळ्यावर जाऊ लागले. आरशात बघितलं असतं तर मीच मला घरी पाठवलं असतं.

पहिल्याच दिवशी मला चमचा पक्षी दिसला. पांढराशुभ्र, बाभळीच्या फांदीवर, मान खाली घालून. पुस्तकात त्याच्या चोचीचं वर्णन होतं, ते मी शेजारी काकडीच्या वेलात बसलेल्या या म्हातारीला मोठ्यानं वाचून दाखवलं. तिनं दहा मिनिटं सगळं ऐकून घेतलं. मग हातातलं खुरपं टेकवून म्हणाली, "बाई, लई ग्वाड वाचलं तुमी. पर ती खताची गोनी हाय. गेल्या पावसात वाहून आली, ती तितंच आडाकली."

त्या दिवसापासून आमचं जमलं. ती माझ्यापेक्षा बारा वर्षांनी मोठी, पण शाळेच्या बाई म्हणून मला अहो-जाहो करायची, आणि मी तिला अगं-तुगं. माझ्याकडं येण्याचं तिचं एक कामही होतं. तिच्याकडं फोन नव्हता. बगळ्यांची घरटी मोकळी झाली की ती माझ्या दारात उभी राहायची. "लावा सुमीला." मी फोन लावायची. जिजी कधी तो हातात घ्यायची नाही. तीन पावलं लांब उभी राहून तिथून ओरडायची, आणि मी मधे बसून दोन्हीकडचं इकडून तिकडं द्यायची. सुमन कपड्यांच्या कारखान्यात शिलाई मशीनवर होती; रजा म्हटलं की तिच्या सुपरवायझरचं तोंड वाकडं. तरी ती यायची. स्टँडवर उतरली की जिजी तिला जवळ घ्यायची नाही, आधी तिच्या डोक्याचा वास घ्यायची आणि म्हणायची, "तेल न्हाई लावत व्हय गं?"

आणि मग ते वर्ष आलं.

परतीचा पाऊस जोरात झाला होता, तळं काठोकाठ. पण थंडी आलीच नाही. कार्तिकात वाट बघितली, मार्गशीर्षात बघितली. ट्रंकेतून काढलेल्या गोधड्या घडीच्या घडीत राहिल्या. चावडीपुढं शेकोटी पेटली नाही. सकाळी तळ्यावर धुक्याची जी साय धरते ती धरली नाही. पाणी उघडं, नुसतं बघत असल्यासारखं. आंब्याला भलत्याच वेळी मोहोर फुटला. बेडूक ओरडू लागले. लोक म्हणाले, बरं झालं, म्हाताऱ्यांची दुखणी टळली. मीही म्हणाले, कारण माझे गुडघे त्यावर्षी खूश होते.

एका सकाळी जिजी दारात आली. हातात वाळकी काडी. "बगळ्यानं सांडली," ती म्हणाली. "काड्या उचलाया लागल्यात." तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. स्वयंपाक चुलीवर असतानाच पाव्हणे दारात आले तर बाईचा चेहरा होतो, तसा झाला होता.

आम्ही बघायला गेलो तेव्हा दुपारचे बारा वाजले होते. वारा नव्हता. बुडालेल्या बाभळींवर पांढरे बगळे दाटीनं बसलेले, पाठीवर विणीच्या दिवसात येतात तसे झिरझिरीत तुरे. पावसाळ्यात या बाभळींवर नुसता गोंगाट असतो, जागेवरून मारामाऱ्या असतात. त्या दिवशी आवाज नव्हता. एक जायचा, काडी आणायचा, ठेवायचा, दुसरा जायचा. कुणी कुणाशी भांडत नव्हतं. कुणीतरी उशीर झालाय असं सांगून ठेवल्यासारखी सगळ्यांची मुकाट ये-जा. माझ्या दंडावर काटा आला. तो घालवायला मी लगेच विज्ञान सांगितलं : ऊब राहिली, खाणं भरपूर मिळालं, म्हणून शरीरातलं घड्याळ पुढं गेलं, पाखरं फसली.

जिजीनं विचार केला. "म्हंजे घड्याळ त्यांचं फुडं गेलं, का आपलं मागं ऱ्हायलं?"

मी वहीत 'फसवी वीण' असं लिहून खाली दोन रेघा ओढल्या.

पौषात टिटव्यांनी अंडी घातली. आणि पौषातच, ज्या महिन्यात कुणी शुभ काम काढत नाही त्या महिन्यात, जिजीनं गव्हाचा चीक काढला आणि अंगणात कुरडया घातल्या. गावातल्या बायका मुद्दाम वाट वाकडी करून बघायला आल्या. एकजण म्हणाली, "जिजी, चैत्राची घाई झाली व्हय?" जिजी सोऱ्या फिरवत म्हणाली, "मला कुटली घाई? चैत्रालाच झाली."

मग शेकाट्यांची घरटी झाली, तशी तिनं आखिती केली. पाण्यानं भरलेला करा मांडला, नवऱ्याच्या नावानं नैवेद्य दाखवला. आंबा कुठून आणणार? तिनं मोहोराचा तुरा ठेवला. म्हणाली, "ह्यो बी घाईतच हाय, चालतंय." पुढच्या पंधरवड्यात पाणबुडीच्या पाठीवर पट्ट्यापट्ट्यांची पिल्लं दिसली आणि जिजीनं भिंतीवर हळदीचा नाग काढला.

त्या नागपंचमीला मी गेले ती थट्टा करायला. लांबूनच दिसलं : लिंबाच्या फांदीला तिनं दोर बांधला होता आणि झोक्यावर ती एकटी बसली होती. पंच्याहत्तरीला आलेली बाई. भर दुपार, माघ सुरू झालेला, सगळा माळ रिकामा. झोका पुढं जायचा, मागं यायचा. फांदी करकरायची. ती गात नव्हती, हसत नव्हती. काम उरकावं तशी झोके घेत होती. मी वाटेतूनच परत फिरले. घरी येऊन स्वतःला सांगितलं की ऊन फार होतं.

गाव मात्र मजेत होतं. गाळपेर नांगरायला भानुदास ट्रॅक्टर घेऊन आला तर जिजी पट्टीच्या मधोमध पोतं टाकून बसलेली. जिथं जिथं घरटं तिथं तिथं तिनं जुन्या लाल लुगड्याची चिंधी काडीला बांधून रोवली होती. पट्टीभर चिंध्या. भानुदास माझा विद्यार्थी, तोंडाचा फटकळ. "काय जिजी, औंदा पाखराचं पीक घेतीस का?"

"व्हय. तुज्या उसापरीस बरं. पानी कमी पितंय आन् तोंड बी कमी वाजवतंय."

"आगं पर पेरनार कवा? पानी निघून चाललं!"

"त्येंचं हुंदे. मग माजं."

ट्रॅक्टर परत गेला. जिजीनं चिंध्यांच्या मधल्या जागेत, हातानं, एक एक आळं करून खरबूज लावलं. खाली वाकलेली ती आणि डोक्यावर ओरडत फिरणाऱ्या टिटव्या. ती त्यांच्याकडं वर न बघता बोलायची, "आगं व्हय व्हय, न्हाई लावत हात."

आता माझ्या शहाणपणाची गोष्ट सांगते, म्हणजे तुम्हाला माझ्याबद्दल उगीच आदर वाटायला नको. त्यातल्या एका चिंधीपाशी टिटवीची चार अंडी होती. मी ठरवलं, या फसव्या विणीची रोजची नोंद ठेवायची. रोज अकरा ते एक मी घरट्यापासून दहा पावलांवर घडीची खुर्ची टाकून, डोक्यावर छत्री धरून बसायची. टिटवी माझ्याभोवती आकांत करायची. मी वहीत लिहायची : 'पक्षी अस्वस्थ.' जिजीनं दोनदा हाक मारली, "बाई, उटा आता," मी म्हटलं, शास्त्राचं काम आहे, मधे बोलू नकोस.

बाकीच्या चिंध्यांपाशी पिल्लं निघाली. लांब पायांची, मातीच्या रंगाची, निघाली की पळालीच. माझ्या चिंधीपाशी काही नाही. महिना उलटला. टिटवी यायची बंद झाली. तेव्हा मी त्यातलं एक अंडं उचललं आणि विजयानं जिजीकडं घेऊन गेले. "बघ! चुकलं की नाही तुझं पाखरू? पौषात अंडी घातली आणि वाया गेली."

जिजीनं अंडं हातात घेतलं. कानाशी हलवलं. हुंगलं.

"शिजलंय," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"दुपारच्याला टिटवी पोट पान्यात भिजवती आन् येऊन अंड्यावर बसती. ऊब द्यायला न्हाई, गार ठिवायला. तुमाला छत्री हुती, बाई. त्येला कुनाची?" अंडं तिनं माझ्या तळहातावर परत ठेवलं. "ह्ये चुकलं न्हाई. ह्येला कुनी बसू दिलं न्हाई."

ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती काकडीला पाणी घालायला निघून गेली. मी ते अंडं रुमालात गुंडाळून घरी आणलं, का ते मला अजून सांगता येत नाही. तिसऱ्या दिवशी ते फुटलं आणि असा वास सुटला की शेजारची मांजर माझ्याकडं यायची बंद झाली. पण शहाणपण काही गेलं नाही. उलट, अपमान झाला की शहाणपण जास्तच फुगतं.

माघ संपत आला तशी बगळ्यांची पिल्लं घरट्यांच्या कडेवर उभी राहून पंख झाडायला लागली. जिजीच्या हिशेबात तो पितृपंधरवडा. तिनं भाताचे घास केले आणि अंगणाच्या कडेला दोन पानं मांडली. एक नवऱ्याचं, हे मला कळलं. "आणि दुसरं कुणाचं गं?"

"ठिवून दिलं," ती म्हणाली.

कावळे आले. पहिलं पान त्यांनी घटकेत संपवलं. दुसऱ्याभोवती ते फिरले, माना वाकड्या करून बघितलं आणि उडून गेले. पान तसंच राहिलं. भातावर ऊन पडलं होतं आणि एकही माशी बसली नव्हती. मी जिजीकडं बघितलं. ती पान उचलून शेळीपुढं सरकवत होती. "आजून येळ हाय," असं ती म्हणाली, एसटीबद्दल बोलावं तसं.

मी त्या दिवशी झपझप घरी आले. वाटेत दोनदा मागं वळून बघितलं. मागं नुसतं तळं होतं.

फाल्गुनाच्या सुरुवातीला घरटी रिकामी झाली. मी दुर्बिणीतून बघितलं : काळ्या फांद्या, पांढरी विष्ठा, उरलेल्या काड्या. त्याच दिवशी जिजी दारात. "लावा सुमीला."

"जिजी, शिमगा आलाय."

"शिमगा तुमचा. लावा."

लावला. पलीकडून मशीनची घरघर. मी म्हटलं, "सुमन, जिजी म्हणते दिवाळीला ये."

सुमन म्हणाली, "आत्ता? बाई, आईला बरं हाय ना?"

तीन पावलांवरून जिजी ओरडली, "म्हनावं, परवाच्याला आंगूळ हाय! उद्या सांजच्या गाडीनं ये म्हनावं!" ती ओढणीनं बांधल्यासारखे आपले दोन्ही हात एकमेकांत घट्ट धरून उभी होती. वर्षभरात तिनं कुणाकडं काही मागितलेलं मी बघितलं नव्हतं. हे एवढंच.

"बघते बाई," सुमन म्हणाली.

जिजी गेली. आणि संध्याकाळी मी सुमनला पुन्हा फोन लावला. माझ्या मनानं. मी तिला समजावून सांगितलं, अगदी फळ्यावर लिहिल्यासारखं : तुझ्या आईच्या डोक्यात खूळ शिरलंय. तू आलीस तर ते पक्कं होईल. अशा गोष्टींना खतपाणी घालायचं नसतं. रजा कशाला वाया घालवतेस? खऱ्या दिवाळीला ये. मी आहे इथं, बघते तिच्याकडं. सुमन "बरं बाई," एवढंच म्हणाली. मी फोन ठेवला आणि समाधानानं चहा केला. त्यात आलंसुद्धा घातलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळची एसटी आली आणि गेली. जिजी स्टँडवर उभी होती हे मला भानुदासनं सांगितलं.

उजाडताना मला राहवलं नाही. तळ्यावर गेले. फाल्गुनातली पहाट, पण उकडत होतं. जिजीचं अंगण सारवलेलं, त्यावर रांगोळी, पाण्याच्या कडेला चार पणत्या. ज्योती जराही हलत नव्हत्या. चुलवणावर पाणी तापलेलं, पाट मांडलेला, वाटीत तेल, वाटीत उटणं. समोर त्या रिकाम्या बाभळी. रोज या वेळी त्यांच्यावर पिल्लांचा कालवा असायचा. दोन महिने इतका की कान बधिर व्हायचे. आता काही नव्हतं, आणि ते काही नसणं ऐकू येत होतं.

"आली न्हाई," जिजी म्हणाली.

"रजा मिळाली नसेल गं."

तिनं माझ्याकडं बघितलं. बराच वेळ. आजही मला कळत नाही, तिला कळलं होतं की नाही.

"बसा," ती म्हणाली.

"मी?"

"पानी निवतंय."

मी बसले. बासष्ट वर्षांची, गावची माजी मुख्याध्यापिका, पाटावर, तळ्याकाठी, शिमग्याच्या आधी. तिनं माझा अंबाडा सोडला आणि टाळूवर तेल घातलं. तिचे हात खरखरीत होते, गाळात राबलेले. पण टाळूवर ते एखाद्या बाळाला लावावं तसे फिरत होते. कपाळ, मान, पाठ. मग उटणं. "सुमे, डोळं मीट," ती म्हणाली.

"जिजी, मी... मी बाई आहे."

"कोन हाय ते कळतंय मला. गप बसा. डोळं मिटा."

मी मिटले. तिनं तांब्यानं पाणी घातलं, मग ओवाळलं. मिटल्या डोळ्यांवरून निरांजनाची ऊब तीनदा गेली. चौथ्यांदा काहीतरी गार गेलं. डोळे उघडून विचारायची मला हिंमत झाली नाही. उघडले तेव्हा ती पणत्या विझवत होती. "झालं वरीस," ती म्हणाली.

त्यानंतर तिनं काही केलं नाही. चिंध्यांच्या मधून खरबुजं पिकली, तिनं येणाऱ्याजाणाऱ्याला वाटली. गुढ्या उभ्या राहिल्या, गावात कुरडयांचे चीक शिजले, ती ओट्यावर बसून बघायची. मी विचारलं, "आता काय जिजी?" "आता काय न्हाई. आता बसायचं." त्या चैत्रात एकाही टिटवीनं अंडी घातली नाहीत. ज्या महिन्यात आकांत असायचा त्या महिन्यात तळ्यावर शुकशुकाट. पाणी भराभर आटत होतं. वैशाखात तर तळाला हात घालण्याइतक्या भेगा पडल्या. शेकाट्यांनी नेहमीच्या वेळेची वाट बघितली असती तर पिल्लांना पाजायला थेंब नव्हता. मी वही काढली आणि 'फसवी' हा शब्द खोडला. पण ते सांगायला जिजी नव्हती.

ती चैत्रातच गेली. भानुदासला दिसली ती पट्टीत, एका वेलापाशी बसलेली, पाठ काठाला टेकवून, तोंड पाण्याकडं. तो आधी नेहमीसारखं काहीतरी बोलला. मग उत्तर का येत नाही म्हणून जवळ गेला.

सुमनला फोन मीच केला. ती रात्रभराचा प्रवास करून आली. सगळं झाल्यावर, बायका निघून गेल्यावर, ती त्या दोन खोल्यांत आवराआवर करत होती. फडताळात डबा निघाला. पौषात घातलेल्या कुरडया, वर चिंधी बांधलेली. तिनं डबा मांडीवर घेतला. मी म्हटलं, "सुमन, त्या दिवशी मी तुला..."

"बाई, मी बॅग भरली हुती," ती म्हणाली. आवाज साधा. "सुपरवायझरला सांगितलं, आई आजारी हाय. खोटंच. चार दिस मिळाले. आईनं कवाच मला असं मधीच बोलावलं न्हवतं ना, म्हनून. दुपारीच भरली. मग संध्याकाळी तुमचा फोन आला." तिनं डब्यावरची चिंधी सोडली, परत बांधली. "तुमी म्हनला म्हंजे बरोबरच असंल, असं वाटलं. कपडे परत कपाटात ठिवले."

ती मला बोलली असती तर मी ऐकून घेतलं असतं. तिनं विचारलं ते एवढंच, "आई लई थांबली का हो स्टँडवर?"

"थांबली," मी म्हटलं. बाकीचं माझ्या तोंडून निघालं नाही.

याला आता सात वर्षं झाली. मी एकोणसत्तर वर्षांची आहे आणि माझं शहाणपण बरंच उतरलंय, गुडघ्यांतून निघून गेलं असावं. त्या वर्षीच्या पाखरांचं सगळं मी सुमनला सांगितलंय, ती दर वर्षी मार्गशीर्षात फोन करते. विचारते, "बाई, बगळ्यांनी काड्या उचलल्या का?" सहा वर्षं मी 'नाही' म्हणून सांगत आले, आणि ते खरं होतं. यंदा पुन्हा थंडी नाही. गोधड्या घडीत आहेत. परवा मी तळ्यावर गेले, दुर्बिणीची गरज पडली नाही. काळ्या बाभळींवर ती मुकाट ये-जा सुरू झालीय.

फोन आला तेव्हा मी म्हटलं, "उचलल्या."

तिनं विचारलं, "मग मी कधी येऊ?"

"घरटी मोकळी झाली की ये," मी म्हटलं. "मी बोलावते. आणि मागनं दुसरा फोन आला तर उचलू नकोस."

ती हसली. येते म्हणाली. मी तेल आणून ठेवलंय, उटणं आणलंय. तिच्या वाटणीची आंघोळ त्या पहाटे मी करून घेतली, हे तिला कुणीच सांगितलेलं नाही. यंदा सांगणार आहे. पण आधी पाटावर बसवीन, टाळूवर तेल घालीन, पाणी घालीन, ओवाळीन. आणि मग सांगीन. आधी सांगितलं तर ती माझ्या हाताखाली बसायची नाही.